जीआरईचं गणित: शाळेची पुस्तकं, व्हिडिओ की क्लास?

दहावीनंतर गणिताला रामराम ठोकून आर्ट्‌सला गेलात आणि आता परदेशातल्या मास्टर्ससाठी जीआरई द्यायचीय? मुंबईत नोकरी सांभाळून गणित पुन्हा शिकायचं तर मुख्य पर्याय तीन: बालभारतीची पुस्तकं, खान अकॅडमीसारखे फुकट व्हिडिओ, नाहीतर दादर-अंधेरीकडचा एखादा क्लास.

पाया कच्चा असेल तर माझं मत सरळ बालभारतीला. जीआरईच्या गणितात त्रिकोणमिती नाही, कॅल्क्युलस नाही, प्रमेयांच्या सिद्धताही नाहीत. आठवीतले घातांक, सूट-कमिशन आणि चक्रवाढ व्याज, नववीतलं गुणोत्तर-प्रमाण, दहावी भाग १ मधली वर्गसमीकरणं आणि संभाव्यता, भाग २ मधली समरूपता, पायथागोरस, निर्देशक भूमिती एवढं झालं की मोठा भाग हातावेगळा होतो. भौमितिक रचना बिनधास्त सोडा. तीसपर्यंतचे पाढेही घोकू नका. स्क्रीनवर कॅल्क्युलेटर मिळतो. पुस्तकांच्या पीडीएफ ई-बालभारतीवर फुकट आहेत. परीक्षा इंग्रजीत असल्यामुळे मराठी माध्यमवाल्यांनी ईटीएसचा (जीआरई घेणारी संस्था) मॅथ रिव्ह्यू, म्हणजे गणिताची उजळणी, शेजारी उघडा ठेवावा, तोही फुकटच आहे.

पुस्तक कमी पडतं ते दुसरीकडे. शाळा विचारते ‘किंमत काढा’, जीआरई विचारते ‘मोठं कोण’. एका बाजूला क्ष, दुसऱ्या बाजूला क्षचा वर्ग. शाळेची सवय म्हणते, वर्ग मोठा. क्ष २ असेल तर खरंच मोठा. पण १/२ घेतलात तर वर्ग १/४, म्हणजे लहान. आणि १ घेतलात तर दोन्ही सारखे. उत्तर: ठरवता येत नाही. शून्य, ऋण संख्या आणि अपूर्णांक घालून बघायची ही खोड परीक्षेचे प्रश्न सोडवूनच लागते. त्यासाठी ईटीएसच्या दोन फुकट पॉवरप्रेप चाचण्या आहेत. पहिली पुस्तकं संपल्यावर द्या, दुसरी परीक्षेच्या तोंडावर.

व्हिडिओ लोकलमध्ये बरे. उभ्याउभ्या वही काढता येत नाही, ऐकता मात्र येतं. गोची अशी की बघताना सगळं कळतं आणि घरी कोऱ्या कागदावर पेन पुढे सरकत नाही. अडलेला धडा समजून घ्यायला वापरा, अख्खा अभ्यास त्यावर टाकू नका.

क्लासमध्ये शेजारी इंजिनिअर बसलेले असतात आणि शिकवणं बऱ्याचदा शॉर्टकटपासून सुरू होतं. २० टक्के वाढ, मग २० टक्के घट, म्हणजे १०० चे ९६ का होतात हेच उमगलं नसेल तर शॉर्टकट पाठ करून काय साधणार? फी भरण्याआधी एका लेक्चरला बसू द्या म्हणावं. नाही म्हणाले तर पुढचा क्लास बघा. मात्र स्वतःहून वही उघडणं जमतच नसेल, किंवा कॅट (आयआयएमसारख्या संस्थांतल्या एमबीएची प्रवेश परीक्षा) द्यायची असेल, तर क्लासचे पैसे वसूल होतात. कॅटमध्ये टक्कर इतर उमेदवारांशी असते आणि गणिताला ४० मिनिटंच मिळतात. जीमॅटचा (परदेशातल्या एमबीएसाठीची परीक्षा) विचार असेल तर हिशेब आणखी बदलतो: २०२३ च्या नव्या स्वरूपात गणितातून भूमिती गेली, पण त्या विभागात कॅल्क्युलेटर नाही. तिथे पाढे लागतील.

फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर जुनी जीआरईची पुस्तकं दिसली तर सरावासाठी खुशाल घ्या, गणित तेच आहे. फक्त त्यातलं वेळापत्रक धरू नका: सप्टेंबर २०२३ पासून गणिताला २७ प्रश्न आणि ४७ मिनिटं आहेत.