बालसुरक्षेचं प्रशिक्षण: मोबाइलवर की समोरासमोर?

वस्तीत अभ्यासवर्ग चालवणाऱ्या मैत्रिणीने विचारलं, "वीस स्वयंसेवक आहेत. ऑनलाइन कोर्स देऊ की कार्यशाळा घेऊ?"

खर्च आणि वेळ पाहिला तर ऑनलाइनच सोपं. ज्याने त्याने सवडीने बघावं, नवा माणूस आला की लिंक पाठवावी. कायदाही त्यातून नीट कळतो: पॉक्सो (मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा), 2012च्या कलम 19 नुसार गुन्ह्याची माहिती पोलिसांना देणं बंधनकारक आहे, आणि मुलांच्या मदतीसाठी 1098 हा क्रमांक आहे.

पण मूल खरंच आपल्यावरच्या अत्याचाराबद्दल बोलायला लागतं तेव्हा? आमच्या कार्यशाळेत एकीने लहान मुलीची भूमिका केली. "दादा, कुणाला सांगणार नाही ना?" समोरचा मुलगा पटकन म्हणाला, "नाही सांगणार." असं वचन देताच येत नाही! प्रशिक्षिकेने तिथेच थांबवलं आणि त्याच्याकडून वाक्य बदलून घेतलं: "तुला मदत करू शकतील, त्यांनाच सांगेन." तीन वेळा म्हटल्यावर त्याचा आवाज स्थिरावला. व्हिडिओ बघून हे अंगवळणी पडत नाही.

महिन्यातून एकदा खाऊ वाटायला येणाऱ्यांना ऑनलाइन पुरे, तेही मुलांसोबत एकटं न सोडता. रोज शिकवणारे, वसतिगृहात रात्री राहणारे यांच्यासाठी मात्र कार्यशाळाच घे, आणि दरवर्षी उजळणी.