सुटे बड्स की काडीमाइकवाला हेडसेट?

आईला ऐकू कमी येतं, त्यामुळे गाणी कशी वाजतात यापेक्षा माझा आवाज पलीकडे कसा पोचतो हेच मला महत्त्वाचं. म्हणून दोन्हींवरून तिलाच फोन लावून पाहिला.

घरात फारसा फरक नाही. रस्त्यावर मात्र बड्स कमी पडले. त्यांचा माइक कानापाशी, तोंडापासून लांब. शेजारून रिक्षा गेली की गोंगाट गाळता गाळता माझे शब्दही गाळले जातात. ‘गोळी रात्री घे’मधलं ‘रात्री’ आईला ऐकूच आलं नाही! काडीमाइक ओठांच्या कोपऱ्याशी असतो, त्यामुळे रिक्षाचा तोच आवाज मागे पडला. फक्त तो थेट तोंडासमोर धरू नका, श्वासाची फुरफुर पलीकडे ऐकू जाते.

गाणी ऐकून कॉलचा अंदाज बांधू नका. कॉल लागताच ब्लूटूथ सहसा हँड्स-फ्री या कॉलसाठीच्या पद्धतीवर जातं, आणि आवाजातला बारकावा कमी होतो: जुन्या कोडेकमध्ये (आवाज आकड्यांत बांधायच्या पद्धतीत) आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने, तर जास्त बारकावा पोचवणाऱ्या वाइडबँडमध्ये १६,०००. जुन्यात ‘स’ आणि ‘फ’ सहज मिसळतात.

बड्स खिशात मावतात, हे खरं. तरी आईसाठी मी काडीमाइकच ठेवला.

तपासताना ‘ऐकू येतंय का?’ विचारू नका. दहा आकडे सांगा आणि परत म्हणायला लावा.