‘एकवीस दिवस हात लावू नका’ : क्रिस्टल ग्रिडच्या नावाखाली 62,950 रुपये गेले

आकडा आधीच सांगून टाकते, कारण फसलेला माणूस तोच लपवतो. ‘समृद्धी ग्रिड’चा, म्हणजे संकल्पाभोवती मांडायच्या दगडांचा, संच 38,500. त्यासोबत ‘हिमालयन’ अपोफिलाइट या खनिजाचे चार पिरॅमिड, प्रत्येकी 2,750 प्रमाणे 11,000. ‘ऊर्जाभारण’ 5,100. कुरिअर आणि विमा 850. अकराव्या दिवशी ‘दोषनिवारण’ म्हणून आणखी 7,500. एकूण 62,950 रुपये, सगळे यूपीआयने आणि सगळे एका व्यक्तीच्या खाजगी खात्यावर. दुकानाच्या नावाने एक रुपयाही गेलेला नाही. पावतीवर ‘आध्यात्मिक सेवा, स्वेच्छा देणगी’ असं छापलं होतं, दगड हा शब्द कुठेच नव्हता. अशी पावती आली तर पहिल्याच दिवशी लेखी हरकत घ्या. ती आपल्या नाही, विकणाऱ्याच्या सोयीची असते.

मी नवशिकी नाही. ग्रिड मांडायला काय लागतं, दगड कुठे बसतो, कशाला पाणी चालतं आणि कशाला नाही, हे मला नीट माहीत आहे. म्हणून राग जास्त आहे. ‘ग्रिड वगैरे सगळं थोतांडच’ म्हणणाऱ्यांनी इथे तो वाद काढू नये. संकल्प लिहून त्याभोवती दगडांची आखीव मांडणी करणं आणि रोज काही मिनिटं त्यावर मन लावणं ही माझी साधना आहे, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. स्फटिक म्हणून मला काच विकली गेली, आणि ती तपासू नये अशी व्यवस्था साधनेच्याच भाषेत केली गेली, ही माझी तक्रार आहे.

मांडणी ‘फ्लॉवर ऑफ लाइफ’ची, म्हणजे एकमेकांत गुंफलेल्या वर्तुळांच्या नक्षीची होती. तिच्यात एकोणीस वर्तुळं असतात आणि दगड त्यांच्या केंद्रांवर बसतात: मधे एक, भोवती सहा, त्याबाहेर बारा. मधे 60 मिलिमीटरचा स्फटिकाचा गोळा, पहिल्या फेरीत सिट्रिन या पिवळ्या दगडाचे सहा पॉइंट, म्हणजे टोकदार तुकडे, बाहेर हिरव्या अव्हेंच्युरिनचे बारा गुळगुळीत खडे आणि चार कोपऱ्यांना पिरॅमिड. व्हिडिओ कॉलवर एकेक दगड दाखवला गेला. गोळ्याखाली केस ठेवून तो दुहेरी दिसतो हेही दाखवलं, आणि ते खरं होतं. कॅमेऱ्यासमोरचा गोळा अस्सल होता, खोक्यात दुसरा आला. म्हणून कॉलवर निवडलेल्या दगडातली एखादी खूण, आतला धुकट पडदा, तडा, इंद्रधनुषी झाक, जवळून फोटो काढून ठेवा आणि खोकं फोडताना तीच शोधा. नैसर्गिक दगडाला अशी खूण बहुधा असतेच. एकही खूण नसलेला साठ मिलिमीटरचा गोळा एवढ्या पैशांत देतो म्हणणारा काय देतोय ते ओळखा.

3 एप्रिलला पैसे गेले, 9 एप्रिलला खोकं आलं. त्याआधीच विकणाऱ्याचा सूचनांचा व्हॉइस मेसेज आला होता. “ताई, गोळा हातात घेतल्यावर उष्ण लागेल, घाबरू नका, ऊर्जा भरलेली आहे. पाण्याने धुवू नका, भारलेलं उतरतं. उन्हात ठेवू नका. मांडल्यावर एकवीस दिवस हात लावायचा नाही, कोणाला दाखवायचं नाही. रोज फक्त एक फोटो मला पाठवा.”

गोळा हातात घेतला आणि तो गार लागला नाही.

तो क्षण मला सोडत नाही. स्फटिक म्हणजे क्वार्ट्झ. तो उष्णता काचेपेक्षा कितीतरी पटींनी लवकर वाहून नेतो, म्हणून एप्रिलच्या दुपारीही तळहाताला गार लागतो आणि बराच वेळ गार राहतो. काच जेमतेम गार लागते आणि लगेच हाताइतकी होते. दगड हाताळणाऱ्या कोणालाही हे बोटांनीच कळतं, मलाही कळलं. पण उत्तर आधीच कानात घालून ठेवलेलं होतं: ऊर्जा भरलेली आहे, उष्ण लागेल. ज्या खुणेने चोरी पकडली जाणार ती खूणच चमत्कार म्हणून आधी सांगून टाकायची, यात या माणसाची सगळी हुशारी होती.

ते सगळे नियम आता पुन्हा वाचले की प्रत्येकाचं कारण दिसतं. पाणी नको, कारण हिरव्या खड्यांचा रंग सुटला असता. अव्हेंच्युरिन हाही क्वार्ट्झच, त्याला पाण्याचं काहीच भय नाही. पाणी चालत नाही ते सेलेनाइटला, तो जिप्समचा, नखाने ओरखडतो आणि पाण्यात झिजतो. किंवा पायराइटला, तो गंजतो. ऊन नको, हा नियम जांभळ्या अ‍ॅमेथिस्ट आणि गुलाबी रोझ क्वार्ट्झसाठी खरा आहे, त्यांचा रंग उडतो. अर्धे नियम खरे होते, म्हणून उरलेले खपून गेले. मांडलेलं ग्रिड हलवू नये हीसुद्धा अनेकांची रीत आहे. पण मांडण्याआधी दगड तपासू नयेत असं कोणत्याही परंपरेत नाही. आणि परतीची मुदत किती होती? सात दिवस. सातच्या जागी एकवीस दिवस हात लावायचा नाही म्हटलं की 16 एप्रिलला मुदत आपोआप संपते. रोजचा फोटोही भक्ती म्हणून मागितलेला नव्हता, आपण दगड उचलून पाहिले की नाही हे त्याला त्यातून कळत होतं.

संचातला, दगड मांडायचा पाटसुद्धा चुकीचा होता. 30 सेंटिमीटरच्या पाटावर फ्लॉवर ऑफ लाइफ आखलं की वर्तुळाची त्रिज्या 5 सेंटिमीटर येते. आतले सहा दगड मध्यापासून 5 सेंटिमीटरवर बसतात. बाहेरच्या बारांपैकी सहा 10 सेंटिमीटरवर आणि मधले सहा साधारण 8.7 सेंटिमीटरवर. म्हणजे बाहेरची फेरी षटकोनी असते, गोल नसते. आलेल्या पाटावर बाराही खाचा एकाच वर्तुळात पाडलेल्या होत्या, घड्याळाच्या आकड्यांसारख्या. खाली नक्षी छापलेली एक आणि खाचा भलतीकडे. मी ते पाहिलं, ‘कारागिराची चूक असेल’ म्हटलं आणि मांडून टाकलं. संकल्पाचा कागद गोळ्याखाली ठेवला, क्वार्ट्झचा पॉइंट मधल्या दगडावरून बाहेरच्या दगडावर, परत मधे, मग पुढच्या दगडावर, असं करत सगळे जोडले. मांडणीत कसूर नव्हती, फक्त मांडलेली वस्तू खोटी होती.

अकराव्या दिवशी फोटो पाहून त्याने सांगितलं की एक सिट्रिन निस्तेज झालाय, घरातला दोष त्याने ओढून घेतलाय, आज निवारण केलं नाही तर उलटेल. 7,500 गेले. त्या आठवड्यात घरात आजारपण होतं आणि माणूस अशा वेळी नाही म्हणत नाही, एवढंच माझं म्हणणं. ‘उलटेल’ हा शब्द कोणी उच्चारला की बोलणं तिथेच थांबवा. मांडणी मोडायची असेल तर दगड उचलायचे, कागद काढायचा, पाट पुसायचा. त्यात उलटण्यासारखं काही नसतं.

30 एप्रिलला एकवीस दिवस भरले आणि मी तपासायला बसले. नेलपॉलिश काढायच्या द्रवात कापसाचा बोळा बुडवून खड्यांवर फिरवला. बारापैकी आठांचा हिरवा रंग बोळ्यावर उतरला, भेगांमधून तर गडद. खऱ्या अव्हेंच्युरिनमध्ये हिरव्या अभ्रकाचे बारीक कण असतात, खडा फिरवला की इकडेतिकडे लुकलुकतात. या आठांत एकही कण नव्हता.

मग गोळा. एका कागदावर काळ्या शाईची बारीक रेघ ओढली, गोळा तिच्यावर ठेवला आणि हळूहळू सगळ्या बाजूंनी फिरवला. क्वार्ट्झच्या गोळ्यातून ती रेघ दोन दिसते. एका विशिष्ट दिशेने एकच दिसते, म्हणून फिरवणं आवश्यक आहे, एकदा पाहून निकाल लावू नका. मला कुठूनही एकच रेघ दिसली. काठाजवळ टाचणीच्या टोकाएवढा गोल बुडबुडा होता. स्फटिकात धुके असतात, पडदे असतात, असा वाटोळा बुडबुडा नसतो. तो ढाळलेल्या काचेत असतो.

शेवटी वजन. ही युक्ती घरच्या काट्यावर होते. कोरडा गोळा 281 ग्रॅम भरला. मग पाण्याचं भांडं काट्यावर ठेवून काटा शून्य केला आणि गोळा दोऱ्याच्या जाळीत अडकवून पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला, कडेला टेकणार नाही असा धरला. काट्याने 112 दाखवले. 281 भागिले 112 म्हणजे 2.51, ही त्याची घनता, तेवढ्याच आकाराच्या पाण्याच्या किती पट वजन. क्वार्ट्झचा आकडा 2.65 असतो. 2.51 च्या आसपास येते ती के-नाईन काच, जिच्या ट्रॉफ्या आणि पेपरवेट बनवतात. नुसतं ‘60 मिलिमीटरला 300 ग्रॅम हवेत’ एवढ्यावर जाऊ नका. व्यासात एका मिलिमीटरची चूक झाली तरी वजन पंधरा ग्रॅमने बदलतं, पाण्यातला हिशोब मात्र व्यास विचारत नाही. गोळा टेकला तर आकडा चुकतो, अंगावर हवेचे बुडबुडे चिकटले तरी चुकतो, त्यामुळे तीनदा करा.

सिट्रिन या परीक्षेत पास झाले, कारण ते क्वार्ट्झच आहेत. फक्त सिट्रिन म्हणून जन्मलेले नाहीत. टोक जळकट नारिंगी, बूड दुधी पांढरं, म्हणजे अ‍ॅमेथिस्ट भट्टीत तापवलेला. नैसर्गिक सिट्रिनचा रंग फिकट मधासारखा, जरा धुरकट आणि बहुतेक सगळीकडे सारखा असतो. तापवलेला विकणं गुन्हा नाही, बाजारात बहुतेक तोच असतो. पण तो नैसर्गिक म्हणून, नैसर्गिकाच्या भावात विकणं ही फसवणूकच आहे.

आणि ‘हिमालयन’ अपोफिलाइट! याची लाज सगळ्यात जास्त वाटते. आपल्याकडे विकला जाणारा अपोफिलाइट येतो तो दख्खनच्या बेसाल्टमधून, जळगाव, नाशिक, पुण्याच्या दगडखाणींतून, स्टिल्बाइट आणि ह्यूलॅंडाइटच्या सोबतीने. महाराष्ट्रात राहून, खडीच्या खाणींत सापडणारा आपलाच दगड मी हिमालयाच्या नावाने 2,750 ला घेतला. तो शब्द ऐकताच फोन ठेवायला हवा होता. दगड खरे निघाले, पण एकाचं टोक चिकटवलेलं. अपोफिलाइट आडवा, सपाट तुटतो, म्हणून टोकं उडतात आणि गोंदाने परत बसवतात. जांभळ्या किरणांच्या टॉर्चखाली जोडाची रेघ चमकली.

प्रयोगशाळेत 1,800 रुपये भरून गोळा आणि खडे तपासून घेतले. अहवालात लिहून आलं: गोळा काच, खडे रंगवलेला क्वार्ट्झाइट, म्हणजे क्वार्ट्झच्या कणांचा साधा खडक. त्याने संचासोबत दिलेलं रंगीत ‘ऊर्जा प्रमाणपत्र’ मी तेव्हा जपून ठेवलं होतं. प्रयोगशाळा दगड कोणता हे सांगते, ऊर्जा मोजून देणारं प्रमाणपत्र कोणीही छापतो.

आता खरा मनस्ताप. पोलीस ठाण्यात पहिल्या दिवशी दोन तास बसवून विचारलं, “मॅडम, दगड मागवले, दगड मिळाले, मग फसवणूक कसली?” अहवाल पुढे केला तर खाजगी प्रयोगशाळेचा चालत नाही म्हणाले. मग सरकारी कुठे करायचा? त्याचं उत्तर नाही. दुसऱ्या खेपेला “हा श्रद्धेचा विषय, आम्ही यात पडत नाही”. तिसऱ्या खेपेला सायबरकडे पाठवलं. तिथे सांगितलं की ओटीपी गेला नाही, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, परत ठाण्यात जा. बँकेचंही तेच, व्यवहार तुमच्या संमतीने झालाय. सोन्याच्या भावात पितळ विकलं तर हे श्रद्धेचा विषय म्हणाले असते का? स्फटिकाच्या जागी काच देणं आणि सोन्याच्या जागी पितळ देणं यात कोणता फरक आहे, हे मला त्या टेबलामागच्या एकानेही सांगितलं नाही. उलट “एवढ्या शिकलेल्या दिसता” हे मात्र तीनही ठिकाणी ऐकवलं. शिकलेल्या बाईची तक्रार लिहून घेऊ नये असा कायदा आहे का? फसवणाऱ्याला हेच हवं असतं, आपण लाजून घरी बसावं.

तोंडी बोलत बसू नका. लेखी अर्ज द्या, पोच घ्या. फसवणुकीसाठी भारतीय न्याय संहितेचं कलम 318 आहे. ठाण्यात नोंद करत नसतील तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173(4) प्रमाणे तीच माहिती लेखी, टपालाने पोलीस अधीक्षकांना पाठवता येते. मला हे सहा आठवड्यांनी कळलं, आणि सांगितलं ते ओळखीच्या वकिलांनी. पैसे गेल्या गेल्या कळलं तर आधी सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन करा, रक्कम पुढच्या खात्यात सरकायच्या आत गोठवली जाऊ शकते. मी महिन्याने गेले, तोवर खातं रिकामं झालं होतं.

जिल्हा ग्राहक आयोगात आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, विकणारा कुठलाही असो. वस्तूची किंमत 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, मुदत दोन वर्षं. पावतीवर ‘देणगी’ असली तरी चॅटमध्ये दगडांची नावं, मापं आणि भाव आहेत, तोच आता माझा आधार. म्हणून भाव फोनवर ठरवू नका, लिहून घ्या. चॅट एक्सपोर्ट करा, मूळ फोन विकू नका, व्हॉइस मेसेज वेगळे उतरवून ठेवा. त्याने मला ब्लॉक केलं, ऑनलाइन पानाचं नाव बदललं आणि फोटो तेच ठेवलेत. समृद्धीच्या जागी आता ‘विवाह ग्रिड’ आहे, 41,000 ला, आणि सूचना तीच, एकवीस दिवस.

खोटे दगड रागाने फेकू नका, नदीत तर मुळीच सोडू नका. ‘विसर्जन करा’ असा शेवटचा सल्ला त्याने मलाही दिला होता. पुरावा पाण्यात गेला की संपलं. माझा गोळा, आठ खडे, रंग लागलेला बोळा, खोकं आणि त्यावरची कुरिअरची चिठ्ठी सगळं एका पाकिटात सीलबंद आहे. आयोगापुढे पहिली तारीख लागली आहे, त्या दिवशी गोळा, काटा आणि पाण्याचं भांडं सोबत नेणार आहे.