गाळा कुठं घ्यावा: नव्या संकुलात की महाद्वार रोडला?

वर आलिशान फ्लॅट, खाली दुकानं अशा संकुलांचे फलक कोल्हापुरातही दिसायला लागलेत. धंदा तिथं काढावा की जुन्या पेठेत?

महाद्वार रोडचं गणित सोपं आहे. अंबाबाईच्या दर्शनाला आलेला माणूस दारावरूनच जातो. साडी, चप्पल, कोल्हापुरी साज यांना वेगळी जाहिरात लागत नाही. पार्किंग मात्र विसरा.

संकुलात पार्किंग आहे, लिफ्ट आहे, जनरेटर आहे. पण भाडं कशावर मोजतात ते आधी विचारा. बऱ्याचदा भाडं सुपर बिल्टअपवर (भिंती, जिना, लॉबीचा वाटा धरून), वापरायला मिळतो कार्पेट (भिंतींच्या आतली जागा), आणि वर दरमहा मेंटेनन्स. भाड्यावर १८ टक्के जीएसटी लागला तर कपड्यांचं दुकान त्याचं क्रेडिट घेऊ शकतं, म्हणजे स्वतः भरायच्या जीएसटीतून तो वजा करू शकतं. बिलावर ५ टक्के जीएसटी लावणाऱ्या हॉटेलला ते मिळत नाही, तो खर्च खिशातूनच.

हॉटेलवाल्यानं तर धुराड्याची जागा स्वतः जाऊन बघावी. तांबड्या रश्श्याच्या फोडणीचा ठसका चौथ्या मजल्यावरच्या बाल्कनीत पोचला, की सोसायटीची तक्रार आलीच. डक्ट गच्चीपर्यंत नेलेला नसेल तर कॉफी शॉप, केक एवढ्यावरच भागवा. आणि बिल्डर 'सगळे फ्लॅट विकले' म्हणाला तरी संध्याकाळी किती खिडक्यांत दिवा लागतो ते बघा. गुंतवणुकीचा रिकामा फ्लॅट दूधही घेत नाही.

माझ्या मते औषधं, किराणा, सलून संकुलात चालेल. मटणाची खानावळ गावातच बरी.