एमबीएची संधी किती? सीमाभागातल्या इंजिनिअरसाठी कॅट, महाराष्ट्राची सीईटी आणि 'आधी नोकरी' यांची तुलना

दोन उदाहरणं घेऊ. दोन्ही मी बनवलेली आहेत, पण असे गुण घेऊन बसलेली मुलं बेळगावात गल्लोगल्ली सापडतील.

पहिला खानापूर तालुक्यातला. दहावीला ८८ टक्के, पीयूसीला (कर्नाटकातली अकरावी-बारावी) ७१, बेळगावातल्याच कॉलेजातून मेकॅनिकल, सीजीपीए ७.४. दोन वर्षांपासून उद्यमबागेतल्या फौंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, क्वालिटीचं काम बघतो. दुसरी बेळगावातल्याच शहापूरची. दहावी ९४, पीयूसी ९१, कॉम्प्युटर सायन्सला सीजीपीए ८.६, पुण्यात आयटीत एक वर्ष झालंय. दोघांनाही चांगल्या कॉलेजातून एमबीए करायचंय. रस्ते तेच असले तरी दोघांची त्या रस्त्यांवरची संधी फार वेगळी आहे.

कॅट ही आयआयएमची प्रवेशपरीक्षा, सीईटी महाराष्ट्रातल्या एमबीए कॉलेजांची. दोन्हींत खरा फरक अभ्यासक्रमाचा नाही. कॅटचा रस्ता तुमचा भूतकाळ मोजतो, सीईटीचा मोजत नाही. अहमदाबाद, बंगळूर, कलकत्ता या जुन्या आयआयएम मुलाखतीला बोलावतानाच शाळा-कॉलेजातले जुने गुण हिशेबात धरतात. त्यामुळे पीयूसीचे ७१ टक्के त्या मुलाच्या पाठीशी कायमचे लागलेत. वर व्हीटीयूच्या, म्हणजे बेळगावच्या विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाच्या, २०१८ च्या स्कीमनुसार ७.४ सीजीपीए म्हणजे ६६.५ टक्केच होतात, कारण आधी ०.७५ वजा करून मग दहाने गुणायचं असतं. अर्ज भरताना थेट ७४ लिहिलं आणि कागदपत्रं तपासताना ते उघडं पडलं तर हाती आलेला प्रवेशही जाऊ शकतो.

म्हणून त्या मुलाला स्पष्ट सांगतो. ९९ च्या वर पर्सेंटाईल आलं तरी अहमदाबाद किंवा बंगळूरचं बोलावणं येईल हे धरून चालू नकोस. खुल्या गटातल्या इंजिनिअर झालेल्या मुलग्यांची तिथे सगळ्यात जास्त दाटी असते. लखनौ आणि कोळिकोड इंजिनिअर नसलेल्यांना जादा गुण देतात, म्हणजे तिथेही आपण थोडे मागूनच सुरुवात करतो. शहापूरच्या मुलीची गोष्ट वेगळी. तिचे तिन्ही टप्पे भक्कम आहेत आणि बऱ्याच आयआयएम मुलींना काही गुण देतात. तिने ९८-९९ चं ध्येय ठेवून कॅटला पूर्ण वर्ष दिलं तर तो वेळ वाया जाणार नाही. त्या मुलानेही कॅट द्यावाच, पण मुंबई आणि रांची, रायपूर, उदयपूर, काशीपूर अशा नव्या आयआयएम डोळ्यांसमोर ठेवून. नव्यांसाठी खुल्या गटात ९५ च्या पुढे गेल्याशिवाय निर्धास्त राहू नये.

कॅटमध्ये आपल्या मुलांची गाडी गणितावर अडत नाही. ती अडते इंग्रजी उताऱ्यांवर. १२० मिनिटांत तीन भाग, प्रत्येकाला ४० मिनिटं, आणि पहिलाच भाग इंग्रजी वाचनाचा. मराठी माध्यमातून एसएसएलसी (कर्नाटकातली दहावी) झालेल्याला चार ओळींचं व्याकरण जमतं, पण अनोळखी विषयावरचा लांब उतारा दमवतो. क्लासच्या फीपेक्षा रोज एक चांगला इंग्रजी लेख पूर्ण वाचण्याची सवय इथे जास्त कामाला येते. ती लागायला आठ-दहा महिने जातात, ऑक्टोबरमध्ये जागं होऊन चालत नाही.

आता महाराष्ट्राची सीईटी. आपल्या भागातले कितीतरी जण हा दरवाजा ठोठावतच नाहीत, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं. महाराष्ट्राच्या प्रवेश नियमांत 'ई' प्रकारचा उमेदवार म्हणून स्वतंत्र तरतूद आहे: वादग्रस्त सीमाभागात राहणारा, मातृभाषा मराठी असलेला. महाराष्ट्राने दावा केलेल्या ८६५ गावांच्या यादीत आपलं गाव असेल आणि पदवी बेळगावच्या कॉलेजातून झाली असेल, तर महाराष्ट्रातल्या मुलांच्या जागांसाठी तुम्हाला उभं राहता येतं. कर्नाटकातला परका म्हणून अखिल भारतीय जागांच्या पंधरा टक्क्यांत अडकून पडावं लागत नाही. मात्र रहिवासाचा आणि मातृभाषेचा दाखला माहितीपुस्तिकेत छापलेल्या नमुन्यातच लागतो. पदवी बंगळूरला किंवा हुबळीला झालेल्यांनी पात्रतेची अट आधी नीट वाचावी.

या परीक्षेत २०० प्रश्न, १५० मिनिटं, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. मुलाखत नाही, गटचर्चा नाही, पीयूसीचे ७१ कोणी विचारत नाही. खानापूरच्या मुलासाठी याहून न्याय्य परीक्षा दुसरी नाही. अर्थात वरच्या टोकाला जागा थोड्या आहेत. मुंबईच्या जमनालाल बजाजला जवळपास पूर्ण पर्सेंटाईल लागतं, सिडनहॅमलाही थोड्याच फरकाने कमी. त्याखाली पुणे विद्यापीठाचा व्यवस्थापन विभाग आणि मुंबई-पुण्यातली इतर कॉलेजं येतात. अहमदाबाद-बंगळूरचा दोन वर्षांचा खर्च पंचवीस लाखांच्या आसपास जातो, त्यापुढे इथली फी अनेक पटींनी कमी. बजाज किंवा सिडनहॅम मिळत असेल तर मी ते बहुतेक नव्या आयआयएमच्या वर ठेवीन. कंपन्या मुंबईतच आहेत आणि डोक्यावर कर्ज कमी राहतं.

कर्नाटकाची पीजीसीईटी, म्हणजे तिथल्या एमबीएची प्रवेशपरीक्षा, मी थोडक्यात उरकतो. सात वर्षं इथे शिकलेल्याला सरकारी कोट्याची जागा मिळते, बेळगावात व्हीटीयूचा स्वतःचा एमबीए विभाग आहे, केएलएसचं आयएमईआर आहे. घरचा कारखाना किंवा दुकान सांभाळायचं असेल तर हे उत्तम: घरी राहून, कमी पैशांत. नोकरी बदलून मोठ्या कंपनीत जायचं असेल तर दोन वर्षं घालवण्याआधी त्या कॉलेजच्या मागच्या बॅचला प्रत्यक्ष भेटून विचारा, कोणाला किती पगाराची नोकरी लागली.

तिसरा रस्ता थांबण्याचा. आयएसबीच्या (इंडियन स्कूल ऑफ बिझनेस) एका वर्षाच्या कोर्सला किमान २४ महिन्यांचा अनुभव लागतो, जीमॅट या प्रवेशपरीक्षेचे गुण पाच वर्षं चालतात, आणि तिथे अर्ज वाचणारा तुमच्या कामाची गोष्ट वाचतो. फौंड्रीतल्या मुलाने रिजेक्शन किती टक्क्यांवरून कितीवर आणलं, कोणत्या ग्राहकाचा माल परत येणं थांबवलं, हे आकड्यांत मांडता आलं तर त्याचं काम उठून दिसतं. कोर्स एकाच वर्षाचा असला तरी खर्च जुन्या आयआयएमपेक्षाही जास्त आहे, त्यामुळे चार-पाच वर्षं नोकरी केलेल्यालाच तो परवडावा. आयआयएम बंगळूरसुद्धा तीन वर्षांपर्यंतच्या अनुभवाला वाढते गुण देतं, पण फक्त पदवीनंतरच्या पूर्णवेळ नोकरीला. लहान कारखान्यात तोंडी बोलीवर काम करणाऱ्यांनी आजच नेमणूकपत्र, पगाराच्या पावत्या आणि पीएफची नोंद मागून घ्यावी. कागद नसेल तर तो अनुभव सिद्ध कसा करणार?

दाखल्यांचा आणखी एक मुद्दा. कर्नाटकाच्या मागासवर्गांच्या यादीतलं ३बी प्रवर्गाचं प्रमाणपत्र आयआयएमला चालत नाही. तिथे केंद्राची इतर मागासवर्गांची यादी आणि केंद्राचाच नमुना लागतो. आपली जात त्या यादीत नसेल, कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला आठ लाखांच्या आत असेल आणि शेती पाच एकरांच्या आत असेल, तर ईडब्ल्यूएसचा (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) दाखला निघू शकतो. घराच्या आणि प्लॉटच्या आकाराच्याही अटी आहेत, त्या तलाठ्याकडे जाण्याआधी बघून घ्या. या दाखल्याने दहा टक्के जागांचा वेगळा गट उघडतो. खानापूरच्या मुलाच्या बाबतीत सगळं चित्र यावर पालटू शकतं.

कॅटनंतरच्या मुलाखतीत बेळगावचं नाव ऐकल्यावर सीमावादाचा प्रश्न येण्याची शक्यता मोठी. घरी ऐकलेलं आवेशाने सांगू नका. १९५६ ची राज्य पुनर्रचना, १९६६ चा महाजन आयोग, २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात असलेला महाराष्ट्राचा दावा, हे क्रमाने सांगा. दोन्ही राज्यांचं म्हणणं मांडा आणि मग स्वतःचं मत द्या. गांधीजी अध्यक्ष असलेलं १९२४ चं काँग्रेस अधिवेशन, इथल्या फौंड्र्या, हत्तरगीचं विमानांच्या सुट्या भागांचं क्षेत्र, हेही बोलता आलं पाहिजे.

तर माझा कौल असा. शहापूरच्या मुलीने यंदा कॅटवर जोर द्यावा, सीईटी सोबत द्यावी आणि नोकरी सोडू नये. खानापूरच्या मुलाने सीईटीला पहिलं स्थान द्यावं, कॅटला दुसरं. दोन्ही हुकले तर मिळेल त्या कॉलेजला पैसे न भरता फौंड्रीत आणखी दोन वर्षं काढून जीमॅट द्यावा. कॅटची नोंदणी साधारण ऑगस्टमध्ये सुरू होते, परीक्षा नोव्हेंबरच्या शेवटी, सीईटी पुढच्या उन्हाळ्यात. 'ई' प्रकारचे आणि ईडब्ल्यूएसचे कागद जून-जुलैमध्येच हलवायला घ्या, कारण सरकारी कचेरीतून सही होऊन यायला लागणारा वेळ अभ्यासाच्या वेळापत्रकात बसत नाही.