मलेरियाच्या रुग्णासाठी घडीची मच्छरदाणी: घ्यावी, पण चेन पाहून

ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारात मिळणारी, पिशवीतून काढली की फटकन उघडणारी चेनची मच्छरदाणी लोक बहुधा तान्ह्या बाळासाठी नेतात. घरात कुणाला मलेरिया निघाला तर मात्र ती आधी त्याच्या अंथरुणावर लागली पाहिजे. मलेरियाचा परजीवी रक्तात असला की अंगाचा वासच बदलतो, डास तिकडे जास्त ओढले जातात, आणि रुग्णाला चावलेला डासच मलेरिया घरातल्या इतरांपर्यंत नेतो. केनियात मुलांचे वापरलेले मोजे डासांपुढे ठेवून हे तपासलं गेलं, निष्कर्ष २०१८ साली आले: परजीवी अंगात असतानाच्या मोज्यांकडे डास जास्त वळले, त्याच मुलांच्या परजीवी गेल्यानंतरच्या मोज्यांकडे कमी. हेप्टनाल, ऑक्टनाल, नोननाल हे वासाचे पदार्थ परजीवी असताना वाढलेले होते. तो डास आफ्रिकेतला. आपल्याकडे शहरात टाक्यांत आणि बांधकामाच्या साठलेल्या पाण्यात वाढणारा ॲनोफिलिस स्टीफेन्सी मलेरिया पसरवतो, आणि तोही मुख्यतः रात्री चावतो.

आता माल. जाळीवर पट्टी ठेवून एका इंचात भोकं मोजा, १२-१३ हवीत. त्याहून विरळ असेल तर घेऊ नका. चेन हीच या मच्छरदाणीची दुखरी जागा: दोन्ही सरकपट्ट्या कोपऱ्यात भेटतात तिथे बोटभर फट राहते. कपड्यांचा चिमटा लावला की भागतं. तळाला कापड नसलेली घेतली तर कडा गादीखाली खोचाव्याच लागतात.

घुमट बुटका असल्याने झोपेत पाय जाळीला टेकतात आणि डास बाहेरूनच चावतो. म्हणून एकट्या रुग्णालाही डबल बेडचं माप घ्या, पायथ्याशी गोधडीची गुंडाळी ठेवा. पावसाळ्यात पोलादी तार गंजून शिवणीतून बाहेर येते, जाळी फाटते. भोक सुई-दोऱ्यानेच शिवा, चिकटपट्टी धुतल्यावर निघते. ‘औषध लावलेली’ म्हणून दिली तर लेबलावर डेल्टामेथ्रिनसारखं नाव शोधा, नसेल तर ती साधीच.

ताप उतरला म्हणून लगेच गुंडाळू नका. फाल्सिपेरम आणि व्हायव्हॅक्स हे मलेरियाचे दोन प्रकार. फाल्सिपेरममध्ये डासातून पसरणारं परजीवीचं रूप रक्तात लागण दिसल्यापासून साधारण १० दिवसांनी दिसू लागतं. व्हायव्हॅक्समध्ये ते सुरुवातीपासूनच असतं, शिवाय प्रायमाक्विन ही गोळी १४ दिवस चालते. गोळ्यांचा कोर्स संपेपर्यंत, आणि फाल्सिपेरममध्ये त्यानंतरही काही दिवस, रोज संध्याकाळी चेन लागलीच पाहिजे.

घडी घालताना तारेला इंग्रजी आठच्या आकड्यासारखा पीळ द्या, मग दोन्ही कडी एकमेकांवर दुमडा. जोर लावून वाकवली की तार मोडते.