आयकियाचा कुरा बेड: दोघा भावंडांची खोली आणि डोक्यावरचा पंखा

भावंडांच्या खोलीसाठी बंक बेड घ्यायचा म्हटलं की आधी रंग बघितला जातो, मग खालचे ड्रॉवर. आपल्याकडच्या फ्लॅटमध्ये सगळ्यात आधी बघायला हवा तो छताचा पंखा. कुरा आम्हाला आवडतो तो मुख्यतः बुटका आहे म्हणून. उंची 116 सेंटिमीटर, लांबी 209, रुंदी 99. वर एकाची झोपायची जागा, खाली जमिनीवर दुसऱ्याची गादी.

हिशेब करून बघा. साडेनऊ फुटी छताला फूटभर दांड्याचा पंखा लावला की पाती जमिनीपासून साधारण सव्वाआठ फुटांवर फिरतात. नेहमीच्या दुमजली बेडची वरची गादी पाच फुटांच्या आसपास येते. साडेचार फुटांचं पोर तिथे उभं राहिलं तर डोकं पात्यांच्या वर जातं, आणि नुसतं बसून हात वर केला तरी तो पात्यापर्यंत पोचतो. कुराची गादी तीन फुटांच्या आसपास असते. तिथे बसलेल्या मुलाचा हात पंख्याला लागत नाही. उभं राहून हात उंचावला तर मात्र लागू शकतो, म्हणून बेड कुठे ठेवायचा हे महत्त्वाचं.

48 इंची पंख्याचं पातं मध्यापासून दोन फूट बाहेर येतं. खोली दहा बाय दहाची असेल तर पात्याचं टोक भिंतीपासून तीन फुटांवर येतं आणि बेड सव्वातीन फूट रुंद, म्हणजे पातं तीन इंच बेडवरून फिरणार. अशा खोलीत छताचा पंखा काढून समोरच्या भिंतीवर वॉल फॅन बसवा, यात तडजोड नको. दहा बाय बाराच्या खोलीत बेड दहा फुटी भिंतीला लावला तर मध्ये नऊ इंच मोकळे सुटतात. 36 इंची पंखा घेतला तर सव्वा फूट. आणि वरच्या गादीवर सहा वर्षांखालचं मूल झोपवायचं नाही, कितीही हट्ट केला तरी.

गादीत बहुतेकांची फसगत होते. बेडचं माप 90 बाय 200 सेंटिमीटर, आणि आपल्या बाजारातली तयार गादी 78 बाय 36 इंच. 36 इंच म्हणजे साडेएक्याण्णव सेंटिमीटर. फोम दाबून बसतो. कॉयरची गादी बसत नाही, कडेने उचलली जाते आणि तेवढा कठडा बुटका होतो. गादीवाल्याकडून 78 बाय 35 करून घ्या, जाडी चार इंच. आठ इंची स्प्रिंगची गादी टाकली तर कठडा नावालाच उरतो.

खालची गादी थेट फरशीवर टाकू नका. मुंबईत, कोकणात जुलैमध्ये पंधरा दिवसांत तिच्या पोटाला काळी बुरशी धरते, कारण अंगाच्या घामाची वाफ खाली उतरते आणि थंड फरशीवर अडकते. दोन इंच उंचीच्या लाकडी पट्ट्यांची चौकट करून तिच्यावर गादी ठेवा आणि रोज सकाळी भिंतीला उभी करा.

लाकूड पाइनचं, बिनरंगी. तेलकट हातांचे डाग पटकन धरतं. जोडण्याआधीच 180 नंबरच्या पॉलिश पेपरने हलकं घासून पाण्यात मिसळणाऱ्या क्लिअर लॅकरचे दोन हात द्या. जोडल्यावर सांध्यांत ब्रश जात नाही. ओल येणाऱ्या भिंतीपासून दोन इंच दूर ठेवा, वाळवीला पाइन फार आवडतं. जोडताना सगळे बोल्ट आधी अर्धवट फिरवा, चौकट काटकोनात आली की मगच आवळा. पावसाळा संपल्यावर लाकूड आकसतं आणि बेड कुरकुरायला लागतो, तेव्हा ॲलन कीने (षटकोनी चावीने) पुन्हा एकदा आवळून घ्या.

मच्छरदाणीचं काय, हा प्रश्न हमखास येतो. खालच्याला सोपं आहे: वरच्या बेडच्या खालच्या बाजूला चार कोपऱ्यांत हुक मारून ताणून बांधा. वरच्यासाठी घडीची, स्वतःच्या काड्यांवर उभी राहणारी घ्या. कठड्याला दोरी, ओढणी, दप्तराचा पट्टा काहीही लटकवू द्यायचं नाही. उतरताना गळ्यात अडकून जीव जाऊ शकतो.

थोड्या मोठ्या मुलालाही खाली ताठ बसता येत नाही, त्यामुळे खाली झोपणाऱ्याचा अभ्यास टेबलावरच होणार. दोघांना वेगवेगळा दिवा मात्र द्या, तीन वॉटचा पिवळसर, बटण ज्याच्या त्याच्या उशाशी. भांडण टाळायला नव्हे, एकाच्या दिव्याने दुसऱ्याची झोप मोडू नये म्हणून. पुढे वेगळ्या खोल्या झाल्या की हाच बेड उलटा करून जमिनीलगतचा करता येतो. त्यासाठी वरची गादी, तिच्याखालच्या पट्ट्या आणि शिडी काढावी लागते. एकट्याने करायचं काम नाही, दोघं लागतात.